आधी पत्रा, मग इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायची आणि सुट्टीच्या दिवसांत घरच्याच गॅरेजमध्ये तिची डागडुजी करून ती पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद ब्रिटनमध्ये इतका मुरला आहे की त्याच्या जोरावर सुट्या भागांचा एक अख्खा व्यवसाय उभा आहे. या छंदातली सर्वांत परिचित गाडी म्हणजे एमजीबी. एमजी हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं ते २०१९ मध्ये आलेल्या, गुजरातेत हालोलला तयार होणाऱ्या हेक्टरमुळे. मूळची एमजी मात्र ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांच्या डोक्यातून निघाली. १९२९ पासून तिचा कारखाना जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावात होता आणि तिथेच १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनली. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, म्हणून तिचे भाग आजही मिळतात आणि म्हणूनच नवशिक्या माणसाने हात घालावा अशी ती गाडी आहे. पण हात कुठे घालावा, यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेकांची नजर आधी इंजिनकडे जाते, मग रंगाकडे. खरं काम या दोन्हींच्या मधे दडलेलं असतं, पत्र्यात. गाडी कोणती निवडायची, पैसा कुठे ओतायचा, काय आधी खोलायचं आणि काय अजिबात खोलायचं नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पत्रा केंद्रस्थानी ठेवला की नीट सुटतात. तो बाजूला ठेवला तर वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झाकलेला एक सांगाडा आणि खोक्यांत भरलेले नट-बोल्ट एवढंच उरण्याची शक्यता दाट.

यामागे गाडीच्या रचनेचं कारण आहे. एमजीबीच्या आधीची एमजीए ही स्वतंत्र चासीवर बांधलेली गाडी होती. खाली जाड लोखंडी चौकट, तिच्यावर बॉडी. बॉडी कुजली तरी चौकट गाडी तोलून धरत असे. एमजीबीत ही वेगळी चौकट काढून टाकली. घडवलेले पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून जो सांगाडा तयार होतो, तोच बॉडी आणि तोच चासी. त्यातही ही गाडी मूळची बिनछपराची. वरचं झाकण नसलेलं खोकं हातात धरून पिळलं की कसं मुरगळतं, तसंच उघड्या गाडीचं होतं. हा पीळ रोखण्याचं काम मुख्यतः दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो गुळगुळीत पत्रा म्हणजे सिलचा फक्त चेहरा. त्याच्या आत एक उभा पडदा असतो, त्याच्या पलीकडे फ्लोअरला जोडलेला आतला पत्रा, आणि तळाशी चर्यांसारखी कड असलेली एक पट्टी. ही सगळी मिळून पेटी बनते आणि पेटी म्हणूनच ती ताकद देते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचतो, तिथला रबराची कड असलेला आडवा पत्रा कुजला की तो सरळ सिलच्या तोंडात शिरतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चिखलाबरोबर पेटीत जाऊन बसतं. गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेरच्या पत्र्यावर फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा बऱ्याचदा उरलेला नसतो.

म्हणून गाडी बघायला जाताना चमक बघू नये. खरं तर ताज्या, झगझगीत रंगाची स्वस्त एमजीबी ही सर्वांत संशयास्पद वस्तू समजावी. चांगल्या पत्र्याची पण उन्हाने फिकी पडलेली, सीट फाटलेली, इंजिन बंद पडलेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी बरी. तपासायची साधनं साधी आहेत. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर, मागच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात, पुढच्या मडगार्डच्या तळाशी फिरवावा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, तेही पाहावं. मग मालकाची परवानगी घेऊन गाडीची एक बाजू जॅकवर उचलावी आणि दाराच्या फटीकडे नजर ठेवावी. फट वरच्या बाजूला आवळली किंवा दार अडकायला लागलं, तर सिलमधली ताकद संपली आहे. दुसरी कुठली परीक्षा घेण्याची गरज नाही. सीटच्या मागे, फ्लोअरखाली बॅटरीची पेटी असते. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, नंतर बारा व्होल्टची एक आली. अ‍ॅसिड सांडून ती पेटी कुजते. डिकीत पाठीमागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत ती जागा, आणि पेट्रोलच्या टाकीचा डिकीच्या तळाला चिकटलेला वरचा भाग, जिथे पाणी अडकून टाकी वरून कुजत जाते, हे दोन्ही बघितल्याशिवाय सौदा करू नये. या गाड्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेल्या होत्या. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना अशा कोरड्या प्रदेशांतून परत आलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि सीटचं कातडं उन्हाने तडकलेलं असतं, पण पत्रा कोरा. डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे घेणं या गाडीत तुलनेने सोपं आहे. कुजलेला सांगाडा सरळ करणं सोपं नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने १९६५ पासून आलेली छपराची जीटी घ्यावी असं माझं मत आहे. छपरामुळे सांगाडा मुळातच ताठ असतो आणि वेल्डिंगमधल्या लहान चुका ती पोटात घालते. उघड्या गाडीचा डौल तिला नाही, हे मात्र कबूल.

इथे पहिला आक्षेप येतो. गाडीचा प्राण इंजिनात. ते धड नसेल तर पत्रा घेऊन काय करायचं? हा आक्षेप भावनेच्या दृष्टीने बरोबर आणि व्यवहाराच्या दृष्टीने चूक आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्याकडे १९५९ पासून अँबेसिडरमध्ये बसलेलं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. म्हणजे अँबेसिडरचं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासलेल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसेल: ओतीव लोखंडाचं ब्लॉक, ओतीव लोखंडाचंच हेड, एका बाजूला कार्ब्युरेटर आणि त्याच बाजूला एक्झॉस्ट. हे इंजिन जाड हाडाचं आहे. त्याचं दुखणं मोजता येतं. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घ्या. आकडे एकमेकांजवळ असतील तर रिंगा आणि व्हॉल्व्ह काम देतायत. इंजिन गरम झाल्यावर, चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० पौंडांच्या वर राहत असेल, तर बेअरिंगना हात लावायचं कारण नाही. १९६४ च्या शेवटापर्यंतच्या इंजिनात क्रँकला तीन बेअरिंग होती, पुढे पाच झाली. पाचवालं अधिक टिकाऊ मानतात. आणि समजा इंजिन गेलंच, तरी ते बाहेर काढून टेबलावर ठेवता येतं, ब्लॉक बोअर करायला, क्रँक ग्राइंड करायला बाहेर पाठवता येतो, नवे पिस्टन घालून पुन्हा बांधता येतो. काम बिघडलं तर परत उतरवता येतं. सांगाड्याचं तसं नसतं. सिल वाकडा वेल्ड झाला की गाडी कायमची वाकडी. दारं बसत नाहीत, चाकांची रेष जुळत नाही आणि मग इंजिन कितीही गोड आवाजात चाललं तरी गाडी एका बाजूला ओढत राहते. ज्या कामात चूक दुरुस्त करता येते ते नंतर करावं, ज्यात येत नाही ते आधी आणि सावकाश.

सिल बदलण्याचं काम कसं होतं ते जरा तपशिलाने पाहू, कारण घरच्या कामातली सर्वांत जास्त पडझड इथेच होते. पहिली चूक म्हणजे गाडी चार कोपऱ्यांवर उचलून, इंजिन काढून, दारं उतरवून, मग दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापणं. तेवढ्यात सांगाडा मधोमध झुकतो आणि त्या झुकलेल्या अवस्थेतच नवीन पत्रा वेल्ड होतो. गाडीचं वजन तिच्या पुढच्या सस्पेन्शनवर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर पडेल अशीच ती जॅकस्टँडवर ठेवावी, म्हणजे रस्त्यावर ती जशी उभी असते तोच ताण सांगाड्यात राहतो. दाराच्या चौकटीत, पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी नळी बोल्टने किंवा वेल्डने घट्ट बसवावी. कापण्यापूर्वी कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत. एका वेळी एकच बाजू कापावी. पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं असल्यामुळे ते पूर्ण उतरवता येतं आणि ते उतरवलंच पाहिजे, कारण सिल त्याच्या आतपर्यंत जातो. मागे मात्र मडगार्डचा खालचा कोपरा कापावा लागतो. आळशी दुरुस्तीत हा त्रास वाचवण्यासाठी कुजलेल्या सिलवरच एक नवं पातळ आवरण वेल्ड करून टाकतात. बाहेरून देखणं, आतून पोकळ, आणि गंजाला घर मिळालेलं. कारखान्यातले स्पॉट वेल्ड खास ड्रिलने सोडवायचे, नवीन पत्र्याला भोकं पाडून त्या भोकांतून मिग वेल्डरने ठिपके भरायचे. या पातळ पत्र्याला ०.६ मिलिमीटरची तार आणि अरगॉनमिश्रित गॅस लागतो; नुसत्या कार्बन डायऑक्साइडने पत्रा जास्त तापतो आणि जळून भोक पडतं. सलग रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, मग हातभर अंतरावर दुसरा, पत्रा निवेपर्यंत थांबायचं, परत पहिल्याच्या शेजारी. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्डिंगआधी जस्ताचं प्रायमर लावायचं, कारण एकदा पेटी बंद झाली की तिथे ब्रश पोचणार नाही. शेवटचा पत्रा पक्का करण्याआधी दार बसवून फट बघावी, मडगार्ड बसवून बघावं, पुन्हा काढावं. कंटाळवाणं काम आहे. पण त्या कंटाळ्याला पर्याय नाही. वेल्डिंग शिकायला स्वतःची गाडी वापरू नये, भंगारातले पत्रे वापरावेत. आणि हात बसलाच नाही तर एवढंच काम पैसे देऊन एखाद्या जाणत्याकडून करून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. उरलेलं सगळं घरी करता येतं.

हे काम घरी करायचं म्हणजे घरातल्या माणसांसह सुखरूप करायचं, आणि जुन्या गाडीत काही विषारी गोष्टी लपलेल्या असतात. कारखान्यात पत्र्यांचे जोड झाकायला शिसं वितळवून भरलेलं असे. ते ग्राइंडरने घासलं तर शिशाची धूळ उडते. ते मंद आचेवर मऊ करून पुसून काढावं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीने धूळ उडवणं म्हणजे स्वतःच्या फुप्फुसावर उडवणं. ती ओल्या फडक्याने टिपावी. क्लोरिन असलेलं ब्रेक क्लीनर मारून तोच पत्रा लगेच वेल्ड केला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच वायू. टाकी रिकामी केली तरी तिच्यातली वाफ पेटते. मागच्या भागात वेल्डिंग करायचं असेल तर टाकी गाडीतून उतरवून गॅरेजबाहेर न्यावी. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढी कसरत कशाला, नवीन सांगाडाच का घेऊ नये? एमजीबीबाबत हे खरोखर शक्य आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साचे वापरून एमजीबीचा अख्खा सांगाडा नव्याने बनवते. हे काम इतकं सरस ठरलं की नव्वदच्या दशकात रोव्हर कंपनीने त्याच सांगाड्यावर आरव्ही-८ नावाची गाडी काढली आणि तिच्यातल्या बऱ्याच जपानला विकल्या गेल्या. ज्याची गाडी सिल, फ्लोअर, स्प्रिंगांच्या जागा, पुढचे आतले पत्रे अशी सगळीकडून कुजली आहे, त्याने कितीतरी ठिगळं जोडण्यापेक्षा नवा सांगाडा घेणं शहाणपणाचं, आणि हे म्हणणं माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही; पत्राच निर्णायक आहे याचा तो पुरावाच आहे. पण नवशिक्याला दोन गोष्टी दिसत नाहीत. नव्या सांगाड्याबरोबर काच, रबर, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, डॅशबोर्ड, हूड येत नाहीत. जुन्या गाडीतला प्रत्येक अवयव काढून त्यात बसवावा लागतो, म्हणजे गाडी शंभर टक्के उकलणं सक्तीचं होतं. आणि नव्या सांगाड्यालाही रंग लागतो, तोही आतून बाहेरून. तेव्हा ज्या गाडीचे सिल गेले पण बाकी पत्रा धड आहे, तिला नवा सांगाडा हा उपाय नव्हे.

यातून मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यावर सर्वाधिक वाद होतो: गाडी पूर्ण उकलावी की नाही. मासिकांतली सुंदर छायाचित्रं पाहिली की वाटतं, नट-बोल्टपर्यंत उकलल्याशिवाय जीर्णोद्धार होतच नाही. व्यावसायिक कार्यशाळेसाठी ते खरं असेल. तिथे जागा असते, रोज आठ तास काम करणारी माणसं असतात आणि बिल भरणारा कोणी दुसरा असतो. घरचा हिशेब वेगळा. एमजीबी सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. ब्रिटनमधल्या जुन्या घरांचं एकगाडी गॅरेज साधारण अडीच मीटर रुंद असतं. गाडी अखंड असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम उभं राहता येतं. तिची दारं, मडगार्डं, सीट, इंजिन, गिअरबॉक्स वेगवेगळे झाले की ते ठेवायला तीन गॅरेज लागतात. शिवाय स्मरणशक्ती. आज काढलेला ब्रॅकेट दोन वर्षांनी कुठल्या बाजूने बसवायचा, हे कोणालाही आठवत नाही. फोटो काढा, पिशव्यांवर नावं लिहा, हा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे, पण तो रोगावरचा मलम आहे. रोगच टाळायचा असेल तर एका वेळी एकच विभाग खोलावा, तो पुरा करून जोडावा, गाडी चाकांवर ठेवावी. या आठवड्यात पुढचे ब्रेक, पुढच्या महिन्यात डावीकडचा सिल. गाडी ढकलता येते, जमलं तर चालवता येते, आणि माणसाचा उत्साह टिकतो. याच्या उलट बाजूला एक खरा तोटा आहे, तोही सांगायला हवा: काही ठिकाणं एकदम उघडल्याशिवाय स्वच्छ होत नाहीत आणि रंगाची एकसंधता पूर्ण उकललेल्या गाडीइतकी येत नाही. स्पर्धेत बक्षीस जिंकायचं असेल तर हा तोटा मोठा. रविवारी सकाळी चालवायची असेल तर नगण्य.

न उकलण्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडे फार कमी लक्ष जातं. जुना भाग टाकून नवा बसवला की तो अधिक चांगला असेलच असं नाही. कारखाना बंद होऊन चार दशकं उलटलेल्या गाडीचे भाग वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दर्जाचे बनतात. रबर काही हंगामांत तडकतं, डिस्ट्रिब्युटरचे कंडेन्सर अवेळी जातात. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेले काही रोटर आर्म तर बदनामच झाले. त्या रिव्हेटमधून ठिणगी आतल्या दांड्यात उतरते आणि गाडी भर रस्त्यात गप्प होते. साठ वर्षांपूर्वीचा लुकास कंपनीचा विजेचा भाग चालू असेल तर तो साफ करून तिथेच राहू द्यावा. बदललाच, तर नवा भाग पुरेसा चाललेला पाहिल्याशिवाय जुना फेकू नये. पुढच्या सस्पेन्शनमधल्या किंगपिनना नियमित ग्रीस मारलेलं असेल तर त्या अजून काम देतात, मारलेलं नसेल तर त्यांना बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणजे निर्णय भागाच्या वयावर नाही, त्याच्या अवस्थेवर घ्यायचा.

ब्रेक मात्र याला अपवाद आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास ठेवणं मूर्खपणाचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि सिलिंडरला आतून गंज चढवतं. रबरी नळ्या बाहेरून शाबूत दिसतात, पण आतून सुजलेल्या असतात. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, मागे येत नाही, आणि चाक धरून ठेवल्यासारखं होतं. नळ्या, मागचे सिलिंडर, पुढच्या कॅलिपरचे रबरी सील हे सरसकट बदलावेत, लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या घालाव्यात. ब्रेकचं काम सिलच्या लगोलग यावं, इंजिन सुरू करण्याच्या आधी. ज्याला थांबवता येत नाही ते चालू करायचा मोह टाळावा. वायरिंगबद्दल एकच गोष्ट: १९६७ च्या शेवटापर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. हे न पाहता आजचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की ते जळतं. लुकासच्या नावाने विनोद फार चालतात. पण विजेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ गंजलेल्या अर्थच्या जोडात, म्हणजे पुन्हा पत्र्यातच, सापडतं.

संयमाने काम करावं या मताला आता कायद्याचा आणि जाणकारांचाही आधार आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना एफआयव्हीए हिने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद मंजूर केली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी तत्त्वं ठरली, त्यांचाच धागा तिने गाड्यांपर्यंत आणला: शक्य तेवढं जपा, गरजेपुरतं दुरुस्त करा, नवं घातलेलं ओळखू येऊ द्या. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही, पण गेल्या तीस वर्षांत तिच्या सांगाड्यात, अ‍ॅक्सलमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती सूट जाते. तशाच नमुन्याचा भाग बदलला तर जात नाही. सूट असली तरी घरी बांधलेली गाडी एकदा तपासणी केंद्रात न्यावीच. तिऱ्हाइताची नजर स्वस्तात मिळते. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हीए ही वेगळी नोंदणी मालिका आणली. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, आणि अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावं, चासी, बॉडी, इंजिनात भरीव बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या ज्या कुणाकडे अशी एखादी दोन सीटची गाडी कोपऱ्यात उभी आहे, तो तिला मोठं इंजिन बसवायच्या बेतात असेल तर त्याने आधी हा नियम वाचावा.

उरला पैशाचा आक्षेप, आणि तो मला खोडून काढता येत नाही. सगळा खर्च, अवजारं, वाया गेलेला पत्रा आणि रंग धरला, तर घरी उभी केलेली एमजीबी विकून तेवढे पैसे सहसा परत येत नाहीत. कोणीतरी नीट पूर्ण केलेली गाडी विकत घेणं स्वस्त पडतं, कारण त्याच्या श्रमाची किंमत कोणीच देत नाही. फक्त गाडी चालवायची हौस असेल तर हेच करावं. घरच्या कामाला अर्थ आहे तो ज्याला ते काम करायचं आहे त्याच्यासाठी. त्याच्यासाठीही पत्र्याचा नियम खर्च आटोक्यात ठेवतो: चांगल्या पत्र्याची गाडी खरेदीला महाग पडते, पण त्या जादा पैशात वेल्डिंगचे कित्येक महिने वाचतात. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि स्वतःचं गॅरेज असलेल्या मराठी वाचकांना हे गणित थेट लागू पडेल.

इंधनाची अडचण मात्र आता ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे आहे. शिसंयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस आणि भारतात २००० मध्ये बंद झालं. त्यातलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखं काम देई. म्हणून हेड कधी ना कधी उतरवलंच तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. मुद्दाम त्यासाठी हेड उतरवायची घाई नको. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तिथे महागड्या सुपर पेट्रोलमध्ये पाच टक्क्यांपर्यंतचा पर्याय उरला आहे. आपल्याकडे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आहे, आणि महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना त्यात रस असणं स्वाभाविक आहे. पण इथेनॉल ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचे पडदे मऊ करतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आधी बसवाव्यात, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत तेच पेट्रोल साठवून ठेवू नये.

रंग सगळ्यांत शेवटी. आजचा दोन घटकांचा रंग चकाकतो आणि टिकतो, पण त्यातले आयसोसायनेट श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त बूथ याशिवाय तो घरी मारूच नये. ज्याला आपल्याकडे सरसकट ड्युको म्हणतात तो सेल्युलोज रंग त्याहून कमी धोक्याचा. त्याला मास्क, मोकळी हवा आणि आगीची काळजी लागतेच, शिवाय थर जास्त द्यावे लागतात आणि हाताने घोटावा लागतो. पण साठच्या दशकातल्या गाडीला तोच शोभतो. अंगात चिकाटी नसेल तर पत्रा, प्रायमर, घासणी घरी करून फक्त शेवटचा हात व्यावसायिकाकडून मारून घ्यावा. त्यानंतर सिलमध्ये, दारांत आणि मागच्या मडगार्डच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा द्यायचा आणि दर दोन-तीन हिवाळ्यांनी तो पुन्हा द्यायचा. फवारणी झाली की खाली वाकून दाराच्या तळाशी आणि सिलच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं बघावीत. रंगाने आणि मेणाने ती हमखास बुजलेली असतात. एक जाड तार घालून ती मोकळी करावीत.